नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठी भाषा मोठी खट्याळ आहे. ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ या दोन गोष्टींत तिने फक्त एका अनुस्वाराचं अंतर ठेवलं आहे. पहिली गोष्ट आईबाप करतात. बाराव्या दिवशी, पाळण्याला फुलांच्या माळा बांधून, आल्यागेल्याला घुगऱ्या वाटून, अगदी साग्रसंगीत करतात. दुसरी गोष्ट बाकीचं जग करतं. त्याला मुहूर्त लागत नाही, पाळणा लागत नाही, घुगऱ्यांचा तर प्रश्नच नाही. आणि एवढं होऊन आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर राहतं आणि जगाने ठेवलेलं माणसाच्या अंगाला चिकटतं.

आपल्याकडे नावाचं काय काय करता येतं! माणूस नाव काढतो, नाव घेतो, नाव कमावतो, नाव घालवतो, आणि अगदीच बिनसलं तर एखाद्याचं नाव टाकतो. या प्रत्येक क्रियेवर करणाऱ्याचा थोडाफार ताबा असतो. ‘नाव पडणं’ मात्र भिंतीचा पोपडा पडावा तसं असतं. केव्हा पडलं, कुणी पाडलं, याचा पुढे तपास लागत नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. तिच्याकडे बाळ यायचं होतं. नवराबायको दोघंही शिकलेली, हौशी आणि कुठलीही गोष्ट आधी ठरवून मग करणारी. एका रविवारी दोघं माझ्याकडे आली. चहा झाला, पोहे झाले, आणि भाची म्हणाली, “मामा, आम्हाला असं नाव हवंय की ज्याचं कुणाला काही करताच येणार नाही.”

“काही म्हणजे?”

“मोडतोड रे! टोपणनाव. बाबांचं बघ ना काय झालं ते.”

तिचे बाबा म्हणजे माझे मेहुणे. मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सही अशी झोकदार की कागदाला वजन यावं. पण आजही जुन्या चाळीत पाऊल टाकलं की दुसऱ्या मजल्यावरून “बंड्याऽऽ” अशी हाक येते आणि त्यांच्यातला अधिकारी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबतो. वर जातो तो बंड्या. भाचीला याचं वाईट वाटतं. मेहुण्यांना वाटतं की नाही हे मी कधी विचारलं नाही. पण वर्षातून दोनदा ते काहीतरी निमित्त काढून त्या चाळीत जातात, एवढं खरं.

जावईबापू संगणकातले. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर चक्क तक्ता होता. नाव, अर्थ, परदेशात उच्चार जमेल की नाही, आणि शेवटचा रकाना ‘धोका’. जन्माआधी मुलगा की मुलगी हे विचारणं १९९४ च्या कायद्याने बंद केलं आहे, आणि ते योग्यच केलं आहे. त्यामुळे तक्ते दोन होते.

“हा धोक्याचा रकाना कशाला?” मी विचारलं.

“तो तुम्ही भरायचा, मामा,” जावईबापू अदबीने म्हणाले. “ही म्हणते, घराण्यातली निम्मी टोपणनावं तुम्ही पाडलेली आहेत.”

आरोप निराधार नव्हता. मी चष्मा पुसला आणि कामाला लागलो.

पहिलं नाव ‘आरव’. अर्थाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘शांत’. हे कुणी लिहिलं देव जाणे. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आणि आपल्याकडे पहाटे चारला आरवतो तो कोंबडा. “याला शाळेत कुकूचकू म्हणतील,” मी म्हणालो. भाचीने नाव खोडलं. ‘विहान’ला मी विहीणबाई केलं. ‘कबीर’चा कबऱ्या झाला. ‘अर्णव’चं काही होत नाही असं जावईबापू छातीठोकपणे म्हणत होते, तोवर स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, “अन्या!” म्हणजे घरात मी एकटाच गुणी नाही.

मुलींचा तक्ता काही वेगळा निघाला नाही. ‘मैथिली’ची मैथी आणि मैथीची मेथी व्हायला कितीसा वेळ? ‘रेवा’ हे नर्मदेचं नाव, पवित्र, सुटसुटीत. पण एक मात्रा पुसली की रवा. ‘आर्या’ला तर पोरं काही करणारच नाहीत, कारण त्या नावाला ‘या’ आधीच लागलेला आहे.

तेव्हा जावईबापूंना एक कल्पना सुचली. “मामा, सगळा घोळ या ‘या’चा आहे. मग ज्याच्या शेवटी आधीच ‘य’ आहे असं नाव ठेवलं तर? आदित्य, चैतन्य, अजिंक्य. ‘या’ लावायला जागाच नाही!”

माणूस हुशार, यात शंका नाही. पण मराठी पोरांशी त्याची गाठ होती. “जावईबापू,” मी म्हणालो, “अहो, इतर नावांना बिचाऱ्यांना अख्खं अक्षर जोडावं लागतं. इथे नुसता एक काना दिला की काम झालं. आदित्या! चैतन्या! तुम्ही तर त्यांची मेहनत वाचवलीत.”

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी छोट्या नावांची यादी काढली. छोटं नाव आणखी छोटं कसं करणार, असा त्यामागे हिशेब. पण टोपणनाव हे नाव लहान करण्यासाठी असतं हाच मुळी गैरसमज आहे. ‘ओम’ लहान नाही का? तरी त्याचा ओम्या होतो. म्हणजे उलट वाढतो. माणसाला उच्चाराचे कष्ट वाचवायचे नसतात. त्याला ते नाव आपलं करून घ्यायचं असतं. कुणाच्या घरी गेल्यावर आपण खुर्ची किंचित सरकवून मग बसतो ना, तसं.

आणि या कामासाठी आपल्या भाषेने जी सोय करून ठेवली आहे ती पाहिली की आईबापांची कीव येते. एकच ‘रमेश’ घ्या. आई म्हणते रमू. मित्र म्हणतात रम्या. वडील ऐपतीप्रमाणे आणि निकालाप्रमाणे दोन्ही. सासरे म्हणतात रमेशराव. बायको म्हणते अहो, किंवा हल्ली नुसतं अरे. ‘ऊ’ लावला की माया, ‘या’ लावला की दोस्ती, ‘राव’ लावला की अंतर. मुलींच्या बाबतीत ‘सुमन’ची सुमी, सुमू आणि चिडल्यावर सुमे. शाळेत व्याकरण शिकवताना ही विभक्ती कुणी शिकवत नाही, पण एकाही मराठी पोराला ती चुकत नाही. एक अपवाद तेवढा उखाण्याचा. तिथे नवऱ्याचं नाव अखंड घ्यावं लागतं. चांदीच्या वाटीच्या यमकात ‘पक्या’ बसवलेला मी तरी कुठल्या लग्नात ऐकला नाही.

समजा, नावाचं कुणाला काही करता आलं नाही, तरी आडनाव आहेच. वर्गात तीन सचिन निघाले की मास्तरांपासून सगळे आडनावावर येतात. १९७३ साली तेंडुलकरांच्या घरी मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं. किती विचारपूर्वक, किती सुरेल! मैदानावर त्याचं काय झालं? तेंडल्या. पुढे या नावाचा एक मराठी चित्रपटही निघाला. त्याआधीची गोष्ट गावसकरांची. सुनीलचा सनी झाला आणि १९७६ साली आत्मचरित्र आलं तेही ‘सनी डेज’ या नावाने. त्याच गावसकरांनी मुलाचं नाव ठेवताना रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ असे तीन फलंदाज एकत्र करून ‘रोहन जयविश्व’ असं नाव केलं. एका पाळण्यात अर्धी फलंदाजी झोपवण्याचा असा पराक्रम दुसऱ्या कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. हाकेला मात्र रोहन पुरतो.

भाचीला हे पटेना. “ते खेळाडू, मामा. मोठ्या गंभीर माणसांना कुणी असं म्हणत नाही.”

गंभीर माणसं! मी खुर्ची पुढे ओढली. लोकमान्य टिळकांपेक्षा गंभीर माणूस महाराष्ट्रात कुठला? त्यांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात बाळ म्हणत, आणि तेच राहिलं. ब्रिटिश सरकारने १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली त्यांच्यावर राजद्रोहाचे खटले भरले ते बाळ गंगाधर टिळक या नावाने. म्हणजे एवढं थोरलं साम्राज्य, त्याच्या न्यायासनाने मंडालेला धाडलं ते कुणाला? तर ‘बाळ’ला. केशवरावांचं नाव त्यात कुठे आलंच नाही.

१८५७ साली इंग्रजांची झोप उडवली कुणी? नाना आणि तात्या. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर सुपारी कातरत बसावीत अशी ही नावं. पण नाना म्हणजे धोंडोपंत आणि तात्या म्हणजे रामचंद्र पांडुरंग टोपे. झाशीच्या राणीचं नाव लग्नात लक्ष्मीबाई झालं. माहेरी ती मणिकर्णिका, आणि मणिकर्णिका एवढं लांब कोण म्हणणार, म्हणून मनू. त्याच्याही मागे जायचं तर पानिपतावर १७६१ साली आपले सेनापती होते सदाशिवराव. त्यांच्यावर जी बखर आहे तिचं नाव ‘भाऊसाहेबांची बखर’. इतिहासाच्या दारातसुद्धा माणूस घरातल्या नावाने गेला.

बाबा आमट्यांना लोक ‘बाबा’ म्हणत ते त्यांच्या सेवेमुळे, असं पुष्कळांना वाटतं. वास्तविक ते त्यांचं लहानपणापासूनचं नाव. मुरलीधर देवीदास आमटे कागदावर राहिले. चित्रपटसृष्टीतल्या सर्वोच्च सरकारी पुरस्काराला १९६९ पासून आपण दादासाहेब फाळके पुरस्कार म्हणतो. धुंडिराज गोविंद पुरस्कार म्हटलं तर घेणारासुद्धा दोनदा विचारील.

“हे लाडाने किंवा आदराने म्हटलेलं झालं,” भाची म्हणाली. “मला ते ‘या’वालं नको.”

आता ‘या’वाल्यांची बाजू मांडायची तर थेट पुराणातच जावं लागतं. पूर्वी मुलांची नावं देवाची ठेवीत. हेतू हा की पोराला हाक मारता मारता आपोआप नामस्मरण व्हावं. भागवतात अजामिळाची कथा आहे. जन्मभर नको ते केलं, पण मरताना धाकट्या मुलाला ‘नारायण’ अशी हाक मारली आणि विष्णुदूत धावून आले. आता मला लहानपणापासून एक शंका आहे. अजामिळ आपल्याकडचा असता तर त्याने ‘नाऱ्या’ अशी हाक मारली असती. मग विष्णुदूत आले असते का? की यमदूतांनी व्याकरणाच्या मुद्द्यावर त्याला नेला असता? भागवताचं म्हणणं असं की थट्टेत घेतलेलं नामसुद्धा वाया जात नाही. म्हणजे देवाला ‘नाऱ्या’ चालतो. तुम्हाआम्हाला का चालू नये?

यावर भाची निरुत्तर झाली, पण पत्रिकेकडे वळली. सासूबाईंचं म्हणणं होतं की नाव नक्षत्राच्या अक्षरावरून असावं. हेही एक प्रकरणच आहे. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. बाळ ज्या चरणावर येईल ते अक्षर. यात ‘ला’, ‘सो’, ‘मी’ अशी सोयीची अक्षरं आली तर ठीक. पण हस्ताचा तिसरा चरण ‘ण’, आर्द्रेचा तिसरा ‘ङ’ आणि उत्तरा भाद्रपदेचा चौथा ‘ञ’. “ज्याला कुणाला काही करता येणार नाही असं नाव हवं असेल,” मी म्हणालो, “तर आर्द्रेचा तिसरा चरण गाठा. ङ वरून नाव ठेवा. आधी तेच कुणाला म्हणता येणार नाही, मग टोपणनाव कशाचं पाडणार?”

दोघं उठून गेली. मोबाइलमधला धोक्याचा रकाना वरपासून खालपर्यंत भरला होता.

यथावकाश मुलगी झाली. सरकारने याबाबतीत आईबापांना थोडी उसंत दिलेली आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. वर्षाच्या आत शुल्काशिवाय घालता येतं, आणि पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पंधरा वर्षं! तोवर मुलगी स्वतःच आईबापांना नावं ठेवायला लागते. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. आईचं नाव कागदावर आलं ही फार चांगली गोष्ट झाली. पण बघा, चार घरं केली तरी त्यात टोपणनावाला घर नाही. ते बापडं कागदाबाहेरच वाढतं.

या दोघांनी मात्र उसंत घेतली नाही. बाराव्या दिवशीच बारसं. नाव ठरलं होतं. दोन अक्षरी, गोड, अर्थ तपासलेला. ते नाव मी इथे देत नाही. एक तर भाचीने तशी ताकीद दिली आहे. आणि दुसरं म्हणजे ते मला चटकन आठवत नाही.

का आठवत नाही, ते सांगतो. रिवाजाप्रमाणे आत्याबाई पुढे झाल्या. पाळण्यात वाकल्या. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी “कुर्रर्रऽऽ” केलं आणि नाव सांगितलं. नाव सांगताक्षणी बायकांनी आत्याबाईंच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्यात नाव कुणालाच नीट ऐकू गेलं नाही. पाळण्याचा कठडा धरून बाळाचा साडेतीन वर्षांचा चुलतभाऊ उभा होता. त्याला जे ऐकू आलं ते त्याने प्रामाणिकपणे ऐकलं. संध्याकाळी पाळण्यापाशी जाऊन तो म्हणाला, “ए कुर्री!”

संपलं. चार महिन्यांची शोधाशोध, दोन तक्ते, एकशे आठ अक्षरं, सगळं एका क्षणात आडवं झालं. ज्या नावाला कुणी हात लावू नये म्हणून एवढा बंदोबस्त, त्या नावाला खरंच कुणी हात लावला नाही. त्याची मोडतोड झाली नाही, त्याला ‘या’ लागला नाही. लोक ते नुसतं ओलांडून पुढे गेले.

भाचीने पुष्कळ झुंज दिली. घरात डबा ठेवला. जो कुर्री म्हणेल त्याने त्यात दहा रुपये टाकायचे. पहिल्या आठवड्यात आजोबांचे ऐंशी गेले. दुसऱ्या आठवड्यात रात्री अडीच वाजता, मुलीला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना, जावईबापू ‘कुर्रीबाई, झोपा आता’ म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात स्वतः भाचीच सापडली. पुढे मूल आठ महिन्यांचं झालं. खरं नाव घेऊन हाक मारली की आपल्या खेळण्याकडे बघे. कुर्री म्हटलं की मान वळवून, दात नसलेलं सगळं तोंड उघडून हसे. त्या दिवशी भाचीचा मला फोन आला. आवाज रडवेला होता. “मामा, आपल्या मुलीचं नाव आपण ठेवायचं एवढंसुद्धा आपल्या हातात नाही का रे?”

मी तिला चिमाआत्याची गोष्ट सांगितली.

चिमाआत्या ही माझी आत्या. आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिचं नाव चिमा नाही हे मला मोठेपणी कळलं. एकदा तिला घेऊन पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेलो होतो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, “आजी, तुमचं नाव काय?” आत्याने विचारलं, “कुठलं?” मुलगी हसली, पण प्रश्न रास्त होता. शाळेच्या दाखल्यावर एक नाव होतं. १९६० च्या सुमारास लग्न झालं तेव्हा नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरं लिहिलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. रेशनकार्डावर ते दुसरं होतं, जुन्या पासबुकावर पहिलं, आणि ही दोन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला आम्हाला तीन खेपा आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव असं चार मुठी तांदळांखाली गेलं. आडनाव बदललं, गाव बदललं, नाव बदललं. बदललं नाही ते फक्त ‘चिमी’. तांदळात ते कुणी लिहिलं नव्हतं, त्यामुळे पुसायचं कसं हेही कुणाला सुचलं नाही.

माझे वडील तिचे थोरले भाऊ. ते गेल्यावर दहाव्या-बाराव्याची गडबड संपली, माणसं पांगली, आणि आत्या पडवीत बसून मला म्हणाली, “मला ‘चिमे’ म्हणणारं आता कुणी उरलं नाही रे.” आम्ही भाचरं तिला चिमाआत्या म्हणतो, सुना आई म्हणतात, नातवंडं आजी म्हणतात. पण ‘चिमे’ म्हणायला वयाने नाहीतर नात्याने वर असावं लागतं. ते आम्हा कुणाला जमण्यासारखं नव्हतं. सरकारदरबारी तिची दोन्ही नावं जिवंत होती. तिसरं त्या दिवशी गेलं, आणि त्याची नोंद करायला कुठलीच खिडकी नव्हती.

फोनवर भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे बाबा त्या चाळीत म्हणून जातात?”

“विचारून बघ,” मी म्हणालो.

आता याचा अर्थ असा नव्हे, की जगाने पाडलेलं प्रत्येक नाव गोड मानून घ्यावं. चिमी वेगळी आणि ढापण्या वेगळा. काळ्या, जाड्या, चकण्या, तोतऱ्या ही टोपणनावं नव्हेत. ते नुसते दगड आहेत, शब्दांचे. आपल्याकडे गंमत म्हणून ते सर्रास मारले जातात आणि ज्याला लागतात त्यानेच हसायचं असतं. आणि कधीकधी तर पहिला दगड आईबापच टाकतात. पूर्वी मुलं जगत नसत म्हणून वाईटाची दृष्ट लागू नये या भाबड्या समजुतीने धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवीत; त्यामागे निदान धास्तीतली माया होती. पण ‘नकुशी’मागे काय होतं? मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून ती नको असलेली. तेच तिचं नाव, तेच दाखल्यावर. २०११ साली साताऱ्यात अशा अडीचशेंहून जास्त मुलींचं एकत्र नव्याने नामकरण झालं. कित्येकींनी आपलं नवं नाव आपणच निवडलं. टोपणनाव कसं टाळावं या विवंचनेत असलेल्या आईबापांनी ही गोष्ट जरूर आठवावी. खरं नाव म्हणजे चांगलं आणि हाकेचं नाव म्हणजे वाईट, असा काही नियम नाही.

मग आईबापांच्या हातात राहतं काय? माझ्या मते, एवढंच पाहणं राहतं, की त्या नावाने हाक मारली की मूल कसं वळतं. हसत वळलं, तर ते नाव कसंही असो, त्याचं आहे, राहू द्यावं. मान खाली घालून वळलं, किंवा वळायलाच नको असल्यासारखं वळलं, तर मात्र ते नाव घरात, अंगणात, शाळेत, जिथे कानावर येईल तिथे थांबवावं. मग हाक मारणारा मामा असो की मास्तर. कुठलाही तक्ता न करता हे कळतं.

डबा भाचीने अजून ठेवला आहे. पण दंड म्हणून नव्हे. कुर्री म्हणायचं, दहा रुपये टाकायचे, आणि वर्षाअखेर त्यातून मुलीला काहीतरी घ्यायचं, अशी आता त्याची वर्गणी झाली आहे. मी आगाऊ शंभर भरले आहेत.

पहिल्या वाढदिवसाला मी तिच्यासाठी चांदीची वाटी घेतली. नाव घालणाऱ्याने विचारलं, “काय लिहू?” मी खिशातून भाचीने लिहून दिलेली चिठ्ठी काढली, त्यातलं दोन अक्षरी नाव त्याने वाटीच्या काठावर छान कोरलं. मग मी वाटी पालथी केली आणि त्याला म्हणालो, “आता इथे तळाला, बारीक अक्षरात, ‘कुर्री’ घाला.” त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, अक्षरं मोजली, आणि म्हणाला, “जोडाक्षराचे जास्त पडतील, साहेब.” मी दिले.